एका फॉर्ममध्ये गटाच्या ओळी वाढत जातात आणि प्रत्येक ओळीला तीन-चार फायली : तुम्ही कसं सांभाळता?

केतकी_प
तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी सभासद नोंदणीचा फॉर्म करते आहे. नाव, गाव, बँक खातं हे एकदाच भरायचं, पण जमिनीची माहिती गटवार. ‘आणखी एक गट जोडा’ हे बटण दाबलं की गट नंबर, क्षेत्र, पीक आणि कागदपत्रं अशी नवी ओळ उघडते. कागदपत्रांच्या खणात एकापेक्षा जास्त फायली घेतो : सातबारा, आठ-अ, फेरफार, विहीर किंवा बोअरचा कागद. पुढे ब्राउझरमध्ये रिॲक्ट (जावास्क्रिप्टची लायब्ररी), मागे सर्व्हरवर लाराव्हेल (पीएचपी भाषेतली चौकट).

दोन गोष्टींनी अडले आहे. पहिली, मधली एखादी ओळ काढून टाकली की गट नंबर आणि क्षेत्र बरोबर वर सरकतं, पण निवडलेल्या फायली जिथल्या तिथे राहतात. म्हणजे गट १४२ चा सातबारा गट १५७ च्या नावावर. दुसरी, ज्यांचे गट जास्त आहेत त्यांच्या शेवटच्या एक-दोन गटांचे कागद सर्व्हरवर पोचतच नाहीत. एरर नाही, काही नाही.

आणि मूळ प्रश्न : सगळ्या फायली शेवटी ‘सबमिट’च्या वेळी एकदम पाठवाव्यात, की निवडताक्षणी एकेक अपलोड करून घ्याव्यात? चुकीच्या गटाला चुकीचा सातबारा जोडला गेला तर पुढे शेतकऱ्यालाच खेटे घालावे लागतात, म्हणून हे नीटच करायचं आहे.

मध्यरात्र
पहिल्या अडचणीचं कारण नव्याण्णव टक्के ‘की’, म्हणजे रिॲक्ट ज्या खुणेवरून ओळ ओळखतो ती. यादीतून ओळी तयार करताना ‘की’ म्हणून इंडेक्स, म्हणजे ओळीचा यादीतला क्रमांक, दिला आहेस ना? मधली ओळ काढल्यावर रिॲक्टच्या दृष्टीने शेवटची की नाहीशी होते, म्हणून तो पानावरची शेवटची ओळ काढतो. गट नंबर स्टेटमधून (रिॲक्ट स्वतः सांभाळतो त्या माहितीतून) येतो, त्यामुळे तो नव्या जागी बरोबर दिसतो. फाइल इनपुट मात्र स्टेटच्या ताब्यात कधीच नसतं. त्याच्यात काय निवडलंय ते ब्राउझरकडे, त्या विशिष्ट घटकाला चिकटून राहतं. मजकूर सरकला, फाइल नाही सरकली.

ओळ जन्मताच तिला एक कायमचा आयडी दे आणि तोच की म्हणून वापर. रिॲक्ट हुक फॉर्म या लायब्ररीचं यूजफील्डॲरे वापरत असशील तर ते प्रत्येक ओळीला आयडी देतंच, तोच घ्यायचा, इंडेक्स नाही.

शून्यातून
+१. व्ह्यू या दुसऱ्या लायब्ररीतही हेच. तिथे ओळी तयार करणाऱ्या व्ही-फॉरला ‘की’ दिली नाही किंवा इंडेक्स दिला तर तो आहे तोच घटक पुन्हा वापरतो.

फक्त एक सांगतो : आयडीसाठी ब्राउझरचं क्रिप्टो डॉट रँडमयूयूआयडी हे फंक्शन वापरणार असाल तर ते सुरक्षित संदर्भातच मिळतं, म्हणजे एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्ट. लॅपटॉपवर सगळं चालतं आणि मोबाइलवरून त्याच लॅपटॉपचा आयपी साध्या एचटीटीपीने उघडला की ‘असं फंक्शनच नाही’ म्हणून पान पांढरं. चाचणीच्या वेळी घोळ होतो. एक साधा वाढता आकडा ठेवला तरी पुरतं, पण एकदा दिलेला आकडा ओळ काढल्यावर परत वापरायचा नाही.

धुळेकर
कोडमधलं मला फार कळत नाही, जमिनीच्या कागदांतलं कळतं. ताई, आठ-अ गटाच्या ओळीत कशाला? आठ-अ खात्याचा असतो. एका गावात एका खात्यावर जेवढे गट तेवढे सगळे त्याच उताऱ्यावर येतात. तुमच्या फॉर्ममध्ये शेतकरी तोच कागद प्रत्येक गटाला पुन्हा पुन्हा जोडत बसेल. तो वर, खात्याच्या माहितीत घ्या. फेरफार ओळीतच राहू द्या.

केतकी_प
धुळेकर काका, हे फार मोलाचं सांगितलंत. आठ-अ वर नेते, गावागणिक एक. त्याने ओळीतल्या फायलीही कमी होतील.

मध्यरात्र, हो, की म्हणून इंडेक्सच होता. बदलला, फायली आता आपापल्या गटासोबत जातात. शेवटचे गट गळतात ते मात्र तसंच आहे.

तांबडा_रस्सा
शेवटचे गट गळतात ते पीएचपीच्या मॅक्स फाइल अपलोड्समुळे, म्हणजे एका विनंतीत किती फायली घ्यायच्या त्या मर्यादेमुळे. डिफॉल्ट २० आहे. सात गट आणि प्रत्येकी तीन कागद म्हणजे २१, एकविसावी फाइल पीएचपी सोडून देतं. त्याची वॉर्निंग लाराव्हेल जागं होण्याआधीच येऊन जाते, म्हणून तुमच्या कोडला एरर दिसत नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये सापडेल.

सेटिंग पीएचपी डॉट आयएनआय या सर्व्हरवरच्या फाइलमध्ये वाढवायचं. कोडमध्ये आयएनआय-सेट लिहून उपयोग नाही, कारण तुमची पहिली ओळ चालायच्या आत फायली येऊन पडलेल्या असतात. तिथेच आणखी दोन आकडे बघून घ्या : अपलोड मॅक्स फाइलसाइज डिफॉल्ट २ एमबी आणि पोस्ट मॅक्स साइज ८ एमबी. आजच्या फोनचा एक फोटो तीन-चार एमबीचा असतो. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची स्वतःची मर्यादा डिफॉल्ट १ एमबी, ती ओलांडली की ४१३ (‘विनंती फार मोठी’) हा एरर येतो आणि विनंती पीएचपीपर्यंत जातच नाही.

सगळ्यात फसवी गोष्ट : एकूण विनंती पोस्ट मॅक्स साइजच्या वर गेली तर पीएचपी पोस्टचा (मजकुराच्या खणांचा) आणि फायलींचा असे दोन्ही ॲरे, म्हणजे याद्या, रिकामे देतं. साध्या पीएचपीत लिहिलेल्या फॉर्मला मग सुरक्षेचं टोकनही सापडत नाही, आणि वापरणाऱ्याला ‘सत्र संपलं, पुन्हा लॉगिन करा’ असं काहीतरी दिसतं. लोक पासवर्ड बदलत बसतात. लाराव्हेल निदान आकार आधी तपासून स्पष्ट ४१३ देतं.

रानजाई
हे फक्त पीएचपीचं नाही. पायथन भाषेतल्या जँगो या चौकटीने फेब्रुवारी २०२३ च्या सुरक्षा आवृत्त्यांपासून एका विनंतीत जास्तीत जास्त १०० फायली अशी डिफॉल्ट मर्यादा घातली आहे. असंख्य छोटे भाग पाठवून सर्व्हरची मेमरी खाण्याचा हल्ला रोखायला हे केलं गेलं. त्यामुळे मर्यादा सरसकट हजारावर नेऊन ठेवू नका. तुमच्या फॉर्मला खरोखर किती लागतील ते ठरवा, तेवढीच द्या, आणि तीच मर्यादा पानावरही दाखवा.

जुना_खलाशी
मी मूळ प्रश्नाकडे वळतो. माझं मत : सगळ्या फायली ‘सबमिट’च्या वेळी एकदम पाठवा. साधा फॉर्म, मल्टिपार्ट (मजकूर आणि फायली एकाच विनंतीत वेगवेगळे भाग करून), एक सबमिट, ही पद्धत १९९५ पासून आहे. झेरॉक्समधल्या नेबेल आणि मासिंटर यांनी आरएफसी १८६७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) लिहिलं, त्यात फाइल इनपुट आलं. २०१५ च्या आरएफसी ७५७८ ने नियम आणखी स्वच्छ केला : एका नावाखाली अनेक फायली असतील तर प्रत्येक फाइल वेगळा भाग म्हणून, पण त्याच नावाने पाठवायची. जावास्क्रिप्ट अर्धवट लोड झालं तरी हे चालतं. सगळं एका व्यवहारात जातं. अर्धवट अपलोड, बेवारस फायली, रात्री सफाईचं काम, काही नाही.

फक्त नावं नीट द्या. समजायला सोपं म्हणून देवनागरीत लिहितो. प्रत्येक ओळीत नुसतं ‘दस्त[]’ असं नाव दिलंत तर सगळ्या गटांच्या फायली एकाच ढिगात येतात आणि कुठली कोणाची ते कळायला मार्ग नाही. वर ज्या ओळीत काहीच निवडलं नाही त्या ओळीसाठीही ब्राउझर एक रिकामा भाग पाठवतो, म्हणून ‘तीन-तीनचे गठ्ठे करू’ हा हिशेबही फसतो. नाव हवं ‘गट[क७][दस्त][]’. इथे ‘क७’ ही त्या ओळीची कायमची ओळख, आणि गट नंबरच्या खणाचं नाव ‘गट[क७][नंबर]’. दोन्हीत तीच खूण. क्रमांक सलग असायची काहीच गरज नाही.

पावशेर
खलाशीकाकांच्या नावाच्या पद्धतीला पूर्ण पाठिंबा. पण शुद्ध पीएचपीत हे वाचायला गेलं की डोकं फिरतं, त्याची पूर्वसूचना देतो. पोस्टमध्ये ‘गट, मग क७, मग नंबर’ असं सरळ मिळतं. फायलींच्या ॲरेत मात्र ‘गट, मग नाव, मग क७, मग दस्त, मग ०’. सगळी नावं एका झाडाखाली, सगळे तात्पुरते पत्ते दुसऱ्या, सगळे एरर कोड तिसऱ्या. शाळेत सगळ्यांची दप्तरं एका खोलीत, डबे दुसऱ्या आणि चपला तिसऱ्या खोलीत ठेवल्यासारखं. ते उलटवून प्रत्येक फाइलची एक नोंद करून देणारं छोटं फंक्शन लिहावं लागतं. सिम्फनी आणि लाराव्हेल या चौकटी हे आतल्या आत करतात, त्यामुळे केतकीताईंना सरळ ‘गट डॉट क७ डॉट दस्त’ असं मागता येईल आणि पडताळणीचा नियमही ‘गट डॉट तारा डॉट दस्त डॉट तारा’ (तारा म्हणजे ‘यातलं प्रत्येक’) असा एका ओळीत लिहिता येईल. त्यात मॅक्सचा, म्हणजे फाइलच्या कमाल आकाराचा, आकडा किलोबाइटमध्ये असतो हे विसरू नका.

एरर कोड ४ म्हणजे फाइल निवडलीच नव्हती. तो चूक म्हणून दाखवू नका, गाळून टाका.

गारवेल
सर्व्हरवर जावास्क्रिप्टची एक्सप्रेस चौकट वापरणाऱ्यांसाठी : फायली वाचणारं मल्टर हे पॅकेज मजकुराच्या खणांचं ‘गट[क७][नंबर]’ उलगडून ऑब्जेक्ट करून देतं, फाइलचं नाव मात्र तसंच अख्ख्या अक्षरांच्या दोरीत राहतं. कंस तुम्हालाच तोडून वाचावे लागतात. आणि नावं आधी माहीत नसतात म्हणून लोक त्यातलं ‘एनी’ हे फंक्शन वापरतात, ज्यात कुठल्याही नावाची फाइल आत घेतली जाते. घ्या, पण संख्या आणि आकाराच्या मर्यादा दिल्याशिवाय नको.

मध्यरात्र
खलाशीकाका, छोट्या फॉर्मला तुमची पद्धत उत्तम, मीही तीच वापरतो. पण इथे शेतकरी बांधावर उभा राहून मोबाइलवर फॉर्म भरणार. आठ गट, प्रत्येकी तीन फोटो, एकूण ऐंशी-नव्वद एमबी एका विनंतीत. नेटवर्क एका क्षणी गेलं की सगळं पहिल्यापासून.

दुसरं, पडताळणी. आयएफएससी कोड चुकला म्हणून सर्व्हरने पान परत पाठवलं की मजकूर पुन्हा भरून देता येतो, फाइल इनपुट भरून देता येत नाही. सुरक्षेसाठी ब्राउझर पानाला तसं करूच देत नाही, आणि ते योग्यच आहे, नाहीतर कुठलंही पान तुमच्या डिस्कवरची फाइल उचलेल. म्हणजे एका अक्षरासाठी चोवीस फायली पुन्हा निवडायच्या. कोण करेल?

जुना_खलाशी
दुसऱ्या मुद्द्याला उत्तर आहे : मजकुराची पडताळणी आधी वेगळ्या विनंतीने करून घ्या आणि मग फायलींसकट सबमिट करा. पहिल्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. बांधावरचं नेटवर्क आणि नव्वद एमबी हे गणित साध्या फॉर्मने सुटत नाही, मान्य. पंधरा-वीस एमबीच्या आतल्या, कार्यालयात बसून भरायच्या फॉर्मसाठी माझं मत कायम.

रानजाई
फोटो आधी फोनवरच लहान करा की. ब्राउझरच्या कॅनव्हासवर (चित्र काढायच्या घटकावर) काढून लांब बाजू दोन हजार पिक्सेलपर्यंत आणली तरी सातबारा स्वच्छ वाचता येतो आणि फाइल कितीतरी लहान होते. शिवाय ज्यांच्याकडे डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आहे त्यांना सरळ पीडीएफ जोडायला सांगा, १५ रुपयांत मिळतो आणि फोटोपेक्षा चांगला वाचता येतो.

धुळेकर
रानजाई, पीडीएफ चांगलीच, पण गावात बऱ्याच जणांकडे तलाठ्याच्या सहीचा कागदच असतो. फोटोची सोय काढू नका.

शून्यातून
निवडताक्षणी अपलोडच्या बाजूने मी. आमच्याकडे विमा दाव्यांचा असाच फॉर्म आहे, प्रत्येक नुकसानीची ओळ आणि तिचे फोटो. रचना सांगतो.

फाइल निवडली की ती लगेच एकटी सर्व्हरवर जाते. सर्व्हर ती तात्पुरत्या जागी ठेवतो आणि एक टोकन, म्हणजे त्या फाइलची सांकेतिक खूण, परत देतो. ओळीच्या माहितीत आपण फक्त टोकनांची यादी ठेवतो. शेवटी सबमिट होतं ते निव्वळ जेसन (साध्या मजकुरातली माहिती), काही किलोबाइटचं. २० फायलींची मर्यादा, पोस्टची मर्यादा, इंडेक्सचा घोळ हे सगळं एका फटक्यात बाजूला होतं, कारण एका विनंतीत एकच फाइल. एक फाइल अडली तर तिच्यापुरतंच ‘पुन्हा प्रयत्न करा’.

यात बघायच्या गोष्टी. एकाच वेळी दोनच अपलोड चालू ठेवा, बाकीच्या रांगेत. कमजोर नेटवर्कवर सहा एकदम सोडल्या तर सहाही टाइमआउट होतात. प्रगतीची पट्टी दाखवायची असेल तर विनंती पाठवायला ब्राउझरचं जुनं एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट वापरा, नवं फेच अपलोडची प्रगती देत नाही. फॉर्मडेटा पाठवताना कंटेंट-टाइप हेडर स्वतः लिहू नका, बाउंड्री (दोन भागांमधली सीमेची खूण) हरवते आणि सर्व्हरला भाग वेगळे करता येत नाहीत. आणि कुठलीही फाइल वाटेत असताना सबमिट बंद ठेवा, शेजारी ‘दोन फायली जात आहेत’ असं स्पष्ट लिहा. नुसतं निस्तेज बटण पाहून माणूस घाबरतो.

सगळ्यात महत्त्वाचं, टोकन हे त्या वापरकर्त्याशी बांधलेलं हवं. नाहीतर मी माझ्या फॉर्ममध्ये दुसऱ्याचं टोकन घालून त्याचा सातबारा माझ्या अर्जाला जोडून घेईन. सबमिटच्या वेळी प्रत्येक टोकन याच वापरकर्त्याचं आहे ना, हे तपासल्याशिवाय फाइल पक्क्या जागी हलवायची नाही.

तांबडा_रस्सा
शून्यातून, वाखू (वाचनखूण) साठवली.

केतकी_प, लाराव्हेलसोबत लाइव्हवायर हे जोडपॅकेज वापरत असतीस तर ही तात्पुरत्या अपलोडची यंत्रणा तयारच मिळाली असती. २४ तासांपेक्षा जुन्या तात्पुरत्या फायली ते स्वतः काढतं, आणि डिफॉल्ट मर्यादा १२ एमबी आहे. ड्रुपल या संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रणालीतही सुटी फाइल आधी ‘तात्पुरती’ म्हणून नोंदली जाते आणि वापरली गेली नाही तर क्रॉन (ठरावीक वेळी आपोआप चालणारं काम) सहा तासांनंतर उचलतो. म्हणजे खलाशीकाकांना जी बेवारस फायलींची भीती वाटते तिचं उत्तर लोकांनी शोधून ठेवलं आहे.

सायली_नि
एक मुद्दा कोणीच काढला नाही. शेतकरी ‘फाइल निवडा’ दाबतो, सातबाऱ्याचा फोटो घेतो. मग आठवतं की फेरफारही आहे, पुन्हा तेच बटण दाबतो. एकापेक्षा जास्त फायली घेणारं इनपुट असलं तरी दुसरी निवड पहिली पुसून टाकते. त्याला वाटतं दोन्ही गेल्या.

म्हणून निवड झाली की फायली ओळीच्या स्वतःच्या यादीत घ्यायच्या, आधीच्यांच्या मागे जोडायच्या, आणि इनपुट रिकामं करायचं. रिकामं केलं नाही तर काढून टाकलेली तीच फाइल पुन्हा निवडल्यावर ब्राउझर बदल झाल्याचं कळवतच नाही. यादीत प्रत्येक फाइलचं नाव, छोटं चित्र आणि ‘काढा’ बटण. चित्रासाठी ऑब्जेक्ट यूआरएल (फाइलचा ब्राउझरमधला तात्पुरता पत्ता) केलात तर फाइल काढताना तो रद्दही करा, स्वस्त फोनांवर मेमरी लवकर भरते.

पावशेर
सायलीताई, अगदी बरोबर. यात आयफोनची भर घालतो. सफारीतून थेट कॅमेऱ्याने फोटो काढला की फाइलचं नाव ‘इमेज डॉट जेपीजी’ असंच येतं. तीन गटांचे तीन फोटो, तिघांचं नाव एकच. सर्व्हरवर मूळ नावाने साठवलंत तर एकमेकांवर बसतील आणि सगळ्या गटांना शेवटच्या गटाचा सातबारा दिसेल. साठवायचं नाव नेहमी आपण तयार करायचं, मूळ नाव फक्त दाखवण्यासाठी डेटाबेसमध्ये. प्रकार ओळखायचा तोही आतला मजकूर तपासून, नावाच्या शेपटीवरून नाही.

आणि फायली सार्वजनिक फोल्डरमध्ये नकोत. सातबाऱ्यापेक्षा जास्त काळजी ओळखपत्राची. आधार मागत असाल तर मास्क केलेलं (बहुतेक आकडे झाकलेलं) आधार चालेल असं फॉर्मवरच लिहा.

गारवेल
अवांतर नाही, पण छोटंसं : आहे त्या ओळीची नक्कल (क्लोन) करून नवी ओळ बनवली की आतल्या खणांचे आयडीही तेच राहतात. चौथ्या गटातल्या ‘सातबारा जोडा’ या लेबलवर बोट ठेवलं आणि लेबल पहिल्या गटातल्या इनपुटच्या आयडीकडे बोट दाखवत असेल, तर फाइल पहिल्या गटात जाते. केतकीच्या पहिल्या अडचणीसारखीच लक्षणं, कारण निराळं. ओळीची खूण आयडीतही घाला. लेबलमध्ये गट नंबर आला तर आणखी चांगलं, ‘गट १४२ चा सातबारा’. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला एरवी आठ वेळा नुसतं ‘फाइल निवडा’ ऐकू येतं.

केतकी_प
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलेलं लिहिते, म्हणजे कोणाला भोक दिसलं तर सांगता येईल.

आठ-अ गावागणिक वर. प्रत्येक गटाला जन्मतः खूण, ती की, आयडी आणि नाव तिन्हींत. फोटो फोनवर लहान करून निवडताक्षणी अपलोड, एका वेळी दोन. ओळीत टोकनांची यादी, वापरकर्त्याशी बांधलेली. तात्पुरत्या फायली ४८ तास ठेवणार, कारण अनेकजण फॉर्म अर्धा भरून दुसऱ्या दिवशी पूर्ण करतात. खलाशीकाकांचं साधं मल्टिपार्ट कंपनीच्या कार्यालयातल्या आठ-अच्या वेगळ्या फॉर्मला ठेवते, तिथे एक-दोनच फायली असतात आणि तो बिनबोभाट चालतो आहे.

एक राहिलं. सभासद वर्षभराने माहिती दुरुस्त करायला येईल तेव्हा जुन्या फायली, नव्या फायली आणि काढलेल्या फायली अशी सरमिसळ होणार. ‘काढा’ दाबलं की लगेच सर्व्हरवरून पुसायची का?

शून्यातून
लगेच नको. तो ‘काढा’ दाबेल आणि सबमिट न करता पान बंद करेल, मग जुना अर्ज कागदाविना राहील. सबमिटच्या वेळी प्रत्येक गटासोबत ‘काय काय राहायला हवं’ याची पूर्ण यादी पाठव, जुन्या फायलींचे आयडी आणि नवी टोकनं एकत्र. सर्व्हरने डेटाबेसमधल्या यादीशी ताडून पाहायचं : यादीत नाही ते काढलेलं, टोकन आहे ते नवीन. ‘काय पुसायचं’ अशी यादी पाठवू नकोस, एखादी विनंती दोनदा गेली तर गोंधळ उडतो. पूर्ण यादी दोनदा गेली तरी उत्तर तेच येतं.

आणि प्रत्यक्ष फाइल डिस्कवरून पुसायची ती डेटाबेसचा व्यवहार पक्का झाल्यावर. आधी पुसली आणि व्यवहार मागे फिरला तर नोंद राहते, कागद जातो.

जुना_खलाशी
आणि यादीच आली नाही म्हणजे रिकामी यादी असं धरू नकोस. ‘गट क७ चे दस्त’ हा भाग विनंतीत नसेल तर त्या गटाच्या फायलींना हात लावायचा नाही. स्पष्ट रिकामा ॲरे आला तरच सगळ्या काढायच्या.

केतकी_प
हे दोन्ही आजच घालते.